दोन नावांची वही

(पेठ, जि. नाशिक येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ आहे, ते गुरुजी आश्रमशाळेत चौथीला आम्हांला गणित शिकवत. गणिते सोडवून झाली की ते म्हणत, "वह्या बदला." शेजाऱ्याची वही माझ्याकडे, माझी त्याच्याकडे. पेन्सिलीने तपासायचे आणि पानाच्या तळाशी दोन नावे लिहायची: सोडवणार अमुक, तपासणार तमुक. मग वह्या गुरुजींच्या टेबलावर जात. एखादे गणित चुकलेले निघाले की गुरुजी दोघांनाही उभे करत, पण पहिला प्रश्न तपासणाऱ्याला असे: "हातचा कुठे गेला, तुला दिसला नाही का रे?" चूक एकाची आणि विचारणा दुसऱ्याला, याचे आम्हांला फार वाईट वाटे.

पुढे मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरू लागलो, तेव्हा त्या दोन नावांचे मोल कळले. तुमच्या खिशातल्या ॲण्ड्रॉइड फोनच्या बुडाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. जगभरातले हजारो लोक मिळून ती लिहितात. तिच्या गाभ्यात जाणाऱ्या प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याची सही असते, तो बदल पुढे पाठवणाऱ्याची सही असते आणि कुणी तो नीट तपासला असेल तर 'तपासले' या शब्दासह त्याचेही नाव असते. २००४ पासून तिथे ही सहीची रीत आहे. आमच्या वहीच्या तळाशी ती त्याआधीच होती. म्हणून आज गुरुजींच्या स्मरणार्थ बोलायला मी हाच विषय घेतला: अनेकांनी मिळून वापरायचा कोड दुसऱ्याने तपासलाच पाहिजे का, आणि तो लिहिण्याची सगळ्यांची रीत एकच असावी का?

माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. होय, दोन्ही हवे. आणि ही दोन कामे एकमेकांवाचून चालत नाहीत.

कोड म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, हे इथल्या मुलांना ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. एकट्याचा कोड ही परसातली भाजी. काय लावायचे, कुठे लावायचे, तुमची मर्जी. सामायिक कोड ही सामायिक विहीर. तिच्यात मोटर कुणी किती खोल सोडायची, पाळी कुणाची, गाळ कुणी काढायचा, हे ठरलेले असते. रात्री उठून एकाने आपल्या सोयीने पाइप हलवला, तर सकाळी दुसऱ्याचे शेत कोरडे राहते.

याहून जवळचे उदाहरण प्रत्येकाच्या घरात आहे. सातबारा. सातबाऱ्यावरचे नाव तलाठ्याच्या मनात आले म्हणून बदलता येत नाही. वारस असो की खरेदी, आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. कुणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. मग मंडल अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतात, आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. त्या सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक राहतो. पन्नास वर्षांनी नातवाला प्रश्न पडला की आजोबांचे क्षेत्र कमी कसे झाले, तर तो क्रमांक धरून मागे जाता येते.

आता प्रोग्रॅमरांचे काम कसे चालते ते पाहा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' नावाचे साधन बनवले. आज बहुतेक सगळे त्यावरच काम करतात. प्रत्येक बदलाची त्यात स्वतंत्र नोंद होते: कुणी केला, केव्हा केला, का केला. चांगल्या चमूत ती नोंद थेट मूळ कोडात शिरत नाही. आधी इतरांसमोर ठेवली जाते. हरकती येतात, खुलासे होतात, दुरुस्त्या होतात, कुणीतरी मान्यता देतो, मग ती मिसळली जाते. आम्ही याला 'कोड रिव्ह्यू' म्हणतो. मला विचाराल तर याला 'फेरफार प्रमाणित करणे' हे नाव तयारच आहे. आणि सातबाऱ्याचा नमुना पेठेत तोच आणि सिंधुदुर्गात तोच असतो, म्हणून इथला माणूस तिथला उतारा वाचू शकतो. कोड लिहिण्याची ठरलेली शिस्त हेच काम करते.

तपासणीचा हा संस्कार मराठीत जुना आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली. प्रत्येक हाताने काही गाळले, काही बदलले, काही घुसडले. १५८४ साली पैठणला एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथात स्वतःची ओवी घालणाऱ्याला त्यांनी सक्त ताकीदही दिली. आपल्या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीत शेकडो हस्तलिखिते ओळीओळीने ताडली गेली. जो पाठ स्वीकारला नाही तोही तळटीपेत राहिला, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो निर्णय पुन्हा तपासता यावा. सामायिक ग्रंथाला हात लावताना किती जबाबदारीने लावायचा, हे या कामांतून शिकावे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका दूध संस्थेच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर काम करत होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण दोष माझा आहे. गावातल्या संकलन केंद्रावर दूध लिटरमध्ये मोजतात. पुढे शीतकरण केंद्रावर त्याचे किलोत वजन करतात. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. आमच्या कोडात दुधाच्या आकड्याला नाव दिले होते 'क्यूटीवाय'. किती, एवढेच. लिटर की किलो, हे त्या नावात नव्हते. माझ्या सहकाऱ्याने लिहिलेल्या भागातून हा आकडा माझ्या भागात येत असे. मी समजलो तो किलोत आहे, म्हणून लिटर काढायला १.०३ ने भागले. तो मुळातच लिटरमध्ये होता.

सहकारी रजेवर होता. दुधाच्या पगाराची तारीख दोन दिवसांवर आली होती. मी माझा बदल कुणाला न दाखवता रात्री चढवला. चाचणीत आकडे बरे दिसले; तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पगार वाटला गेला.

चार दिवसांनी एक बाई केंद्रावर आल्या. हातात दहा दिवसांच्या पगाराची पावती आणि शाळेच्या वहीचा फाडलेला कागद. त्या रोज गाईचे आठ लिटर दूध घालत. दर तीस रुपये. आठ गुणिले तीस, दोनशे चाळीस. पावतीवर रोजचे होते दोनशे तेहतीस. त्यांनी दहाही दिवसांचे गुणाकार मांडून आणले होते आणि प्रत्येक दिवसापुढे सात रुपये कमी असे लिहिले होते. केंद्रचालक म्हणाला, संगणकाचा हिशेब आहे, चुकायचा नाही. बाई म्हणाल्या, "मग संगणकाला पाढे येत नसतील."

तो कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा मला गुरुजी आठवले. माझा कोड पहिल्यांदा तपासला तो त्या बाईंनी. सोडवणार मी, तपासणार त्या, पैसे कापले गेल्यानंतर. माझ्या सहकाऱ्याने रजेवरून पाच मिनिटे ती ओळ पाहिली असती तर तो लगेच म्हणाला असता, अरे, हे लिटरच आहेत. आणि मुळात त्या आकड्याचे नाव 'दूध लिटर' असते, तर मी भागाकार लिहिलाच नसता. फरकाची रक्कम पुढच्या पगारात सगळ्यांना मिळाली. तेव्हापासून माझ्या चमूत नियम आहे: मोजमापाच्या प्रत्येक नावात एकक आलेच पाहिजे.

हीच चूक नासासारख्या संस्थेकडूनही झाली आहे. मंगळाकडे पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवले. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम धक्क्याचे माप पौंडांच्या ब्रिटिश एककात देत होता. ते घेणारा दुसरा प्रोग्रॅम ते न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून चालला होता. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात गेले. लक्षात घ्या, मेट्रिक एकके वापरावीत हा नियम आधीच लिहिलेला होता. तो पाळला गेला की नाही, हे कुणी पडताळले नाही. तपासणीविना नियम कागदावरच राहतो.

उलट बाजूही खरी आहे. शिस्तीविना तपासणी आंधळी होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या फोनमध्ये एक चूक सापडली. आयफोन सुरक्षितपणे एखाद्या संकेतस्थळाशी जोडला जातो, तेव्हा समोरचा खरा आहे ना याची सही तो तपासतो. त्या कोडात एक ओळ होती: गडबड आढळली तर इथून बाहेर जा. ती ओळ चुकून दोनदा उतरली गेली, एकाखाली एक. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी अटीच्या बाहेर पडली होती, पण समासातून तितकीच आत सरकवून लिहिलेली असल्यामुळे डोळ्यांना तीही अटीखालचीच वाटे. संगणक समास पाहत नाही. तो प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीवरून बाहेर पडत असे, शेवटची सही न तपासताच, आणि सगळे ठीक आहे असे कळवत असे.

प्रत्येक अटीखालचा मजकूर महिरपी कंसात बांधायचा, ही साधी शिस्त अनेक चमूंत असते. ती तिथे पाळली असती तर दुसरी ओळ एक तर निरुपद्रवी ठरली असती, नाही तर कंसाबाहेर उघडी पडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपली असती. भाताच्या खाचरात रोपे ओळीत लावली की तण लगेच दिसते. फेकून पेरले की तण आणि रोप एकच. कोडातल्या शिस्तीचे कारण तेवढेच आहे.

यावर माझे तरुण सहकारी तीन आक्षेप घेतात. तिन्ही खरे आहेत, म्हणून प्रत्येकाला नीट उत्तर देतो.

पहिला: वेळ जातो. जातोच. मायकल फेगन यांनी १९७६ साली आयबीएममध्ये कोड तपासणीची रीतसर पद्धत मांडली, तेव्हापासून हा आक्षेप आहे. पण वेळ कुणाचा जातो ते पाहा. मी वाचवलेली पाच मिनिटे त्या बाईंनी दहा दिवसांचे गुणाकार मांडून भरली, केंद्रावर दोन खेपा घालून भरली. कोड एकदा लिहिला जातो आणि वर्षानुवर्षे वाचला जातो, वापरला जातो. लिहिणाऱ्याने वाचवलेला वेळ वापरणाऱ्यांच्या माथी बसतो.

दुसरा: माझी शैली जाते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. १९६३ साली 'कोसला' ही कादंबरी आली, १९७२ साली 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. ऱ्हस्वदीर्घ ठरले म्हणून मराठी लेखकाचा आवाज गेला नाही. कोडातली प्रतिभा प्रश्न कसा सोडवला यात असते. कंस कुठल्या ओळीवर ठेवला यात नसते. आणि त्या बारीकसारीक गोष्टींवर माणसांनी भांडूही नये. गो नावाच्या भाषेबरोबर तिच्या निर्मात्यांनी एक साधनच दिले. ते सगळ्यांचा कोड एकाच मांडणीत बसवून देते, वाद संपतो. पायथन वापरणाऱ्यांकडे २००१ पासून लिखित नियम आहेत. यंत्राला जमते ते यंत्राने तपासावे. माणसाने माणसाचे काम करावे: हेतू काय, एकक काय, आकडा शून्य आला तर काय, नाव कोरे आले तर काय.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पेठेत तो अधिक कळतो. आपल्या घरांत कोकणा समाजाची कोकणी बोलली जाते. ती बोलणारे मूल शाळेत आले की पुष्कळदा त्याच्या तोंडचा शब्द 'अशुद्ध' ठरतो. मूल गप्प बसते. नियमाच्या नावाखाली माणसाला कमी लेखले जाते, हे आपण सोसले आहे. कोडाच्या जगातही ते होते. तपासणीच्या नावाखाली नवख्याचा पाणउतारा होतो आणि तो पुन्हा फिरकत नाही. खुद्द टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ काम थांबवले. लिनक्सच्या चमूने त्याच सुमारास आचारसंहिता स्वीकारली.

म्हणून मी भेद करतो. चूक वेगळी, वेगळेपण वेगळे. लिटरला किलो समजणे ही चूक. घरी कोकणी बोलणे हे वेगळेपण. प्रमाण लेखन सामायिक कागदासाठी आहे, माणसांची प्रतवारी करण्यासाठी नाही. चांगला तपासणारा ओळीबद्दल बोलतो, ओळ लिहिणाऱ्याबद्दल बोलत नाही. 'हे तुला कळत नाही का' असे न म्हणता 'इथे आकडा ऋण आला तर काय होईल' असे विचारतो. आणि ज्याची शिस्त, त्याने ती लिहून दाराशी लावावी. मनात ठेवलेल्या नियमाने नवख्याला अडवणे हा अन्याय आहे.

आता तपासणीच्या मर्यादाही सांगतो. नाही तर तुम्ही तिच्यावर आंधळा विश्वास ठेवाल. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या सामायिक कोडात २०११ च्या अखेरीस एक बदल शिरला. त्यात अशी सोय होती: समोरच्याने म्हणायचे, 'मी दोन अक्षरे पाठवतो, परत पाठव.' पण तो दोन अक्षरे पाठवून 'चौसष्ट हजार पाठवली' असे म्हणाला, तर हा कोड न मोजता आपल्या आठवणीतली चौसष्ट हजार अक्षरे देऊन टाकी. त्यांत परवलीचे शब्दही असत. ही चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जगासमोर आली. तो बदल एका जाणकाराने तपासलेला होता. त्यालाही ती दिसली नव्हती. जगभर वापरला जाणारा कोड मूठभर माणसे सांभाळत होती.

मार्च २०२४ मध्ये त्याहून भीषण गोष्ट उघड झाली. एक्सझेड नावाचे छोटे साधन एक थकलेला माणूस एकटा सांभाळत होता. कुणीतरी खोट्या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने. दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढेच त्याला खटकले आणि तो मुळाशी गेला. सात रुपये कमी का, असे विचारणाऱ्या बाई आणि अर्धा सेकंद जास्त का, असे विचारणारा हा माणूस, दोघांची जात एकच.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. तपासणी एकाच्याच खांद्यावर टाकू नये. पाळी फिरती हवी. आणि बदल लहान हवा. हजार ओळी एकदम समोर आल्या की डोळा वरवर सरकतो. पन्नास ओळी माणूस मन लावून वाचतो.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी. सावळघाट ओलांडून नाशिक, नाशिकहून पुणे, हा शिकण्याचा एकच रस्ता माझ्या वेळी होता. आज मोठमोठे सामायिक कोड उघडे आहेत. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट घ्या. दुकानापासून कारखान्यापर्यंतचे हिशेब ते सांभाळते, आणि त्यातला प्रत्येक बदल, त्यावरची चर्चा, घेतलेल्या हरकती कुणालाही वाचता येतात. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीतूनही देतो. डोंगरात रेंज कमी असेल, पण या हरकती वाचायला फार रेंज लागत नाही; त्या नुसत्या अक्षरांत असतात. एका अनुभवी माणसाने दुसऱ्याला काय विचारले, का विचारले, हे रोज एक वाचा. मला ही विद्या मिळायला एका चुकीची किंमत मोजावी लागली, आणि ती किंमतही दुसऱ्याने मोजली.

शिक्षकांना एक विनंती आहे. तालुक्यातल्या ज्या ज्या शाळेत संगणक आहे, तिथे मुलांना प्रोग्रॅम लिहायला लावा आणि मग जागा बदलायला सांगा. शेजाऱ्याचा प्रोग्रॅम वाचून तपासायला लावा. शिस्तीचे पाच नियम भिंतीवर लावा, जास्त नकोत. आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर दोन ओळी सक्तीच्या करा: सोडवणार, तपासणार.

त्या रात्री मी जो बदल चढवला, त्याची नोंद अजून आहे. गिट काही विसरत नाही. कधी कधी मी ती उघडून पाहतो. खाली माझे नाव आहे. तपासणाऱ्याची जागा कोरी आहे.